सफाईआधीचा लाल निकाल

दहावी अर्धवट सोडून मी गोंदियाकडच्या गावातून भिलाईला आले, खुर्सीपारला मामाजींच्या घरी. कॉम्प्युटर क्लासात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि वैशाली नगरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसने मला टेस्टिंगला घेतलं. तेही ट्रायलवर. रोज वाटायचं, आज परत पाठवतील.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यात ये-जा करणाऱ्या ट्रकच्या गेटपासचं. माझ्या टेस्ट ते आपोआप तपासायच्या आणि प्रत्येक टेस्टनंतर सफाईचा कोड उरलेले पास पुसायचा. ट्रक बाहेर गेल्यावरही पास बंद न होता उघडा राहिला, तर ती चूक. पण ती दिसायची सफाईतच. म्हणून मी सफाईतच लिहिलं, उघडा पास सापडला तर निकाल फेल कर. चालवलं. सफाईत उघडे पास सापडत होते, तरी रिपोर्ट हिरवागार, म्हणजे सगळं ठीक!

माझी सीनियर ताई नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांच्या घरातली. म्हणाली, "हा रिपोर्ट खोटं बोलून राहिला. साहेब म्हणतात, असंच असंल तर हातानंच तपासू."

म्हणजे माझी गरजच संपली.

"ताई, मले संध्याकाळपर्यंत टाइम द्या ना."

"घे. फक्त रडू नको, कीबोर्ड खराब होते."

दुपारी डबा उघडला, पोळी मोडली आणि मामाजी आठवले. मामाजी कारखान्यात ठेकेदाराकडे आहेत. शिफ्ट बदलताना ते पुढच्या माणसाला आधी मशीन दाखवतात, मगच 'सब ठीक' म्हणतात. एकदा मी विचारलं होतं, कावून एवढं? "अवं, एकदा ठीक म्हटलं का फोरमनच्या कानात तेच रायते."

हातातली पोळी तशीच राहिली. माझी टेस्टही आधी 'ठीक' सांगून मोकळी होत होती! सफाई त्यानंतर. मी निकाल बदलत होते, पण रिपोर्टने तो केव्हाच ऐकला होता.

आमच्या टेस्टिंगच्या साधनात लिसनर म्हणून सोय आहे. टेस्ट संपली, पण निकाल नोंदायचा आहे, नेमक्या त्या वेळी तो चालतो. उघड्या पासची तपासणी मी तिथे नेली. सफाईकडे फक्त पुसणं ठेवलं.

"लाल! ताई, लाल आलं!"

अख्खं ऑफिस वळून पाहू लागलं. "फेल झाल्यावर एवढी नाचणारी पोरगी मी पहिल्यांदाच पाहून राहिली," ताई म्हणाली आणि स्वतःच साहेबांना ओढून घेऊन आली. त्यांनी स्क्रीनवर हाताने एका ट्रकची बाहेर गेल्याची नोंद करून पाहिली. पास उघडाच!

"ट्रायल ख़तम समझो," ते म्हणाले. म्हणजे नोकरी पक्की! मी ताईचा हात कितीतरी वेळ सोडलाच नाही.

घरी मामाजी दारातच उभे होते. "काय वं, सब ठीक?"

"थांबा, पहिले दाखवते," म्हटलं, आणि मोबाइलमधला लाल रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला.