पंखाला पोत्याचा टाका

आमच्या वडसा गावात धान पिकतं आणि हिवाळ्यात रात्रभर नाटकं होतात. विमानही बनतं, असं कुणी म्हटलं असतं तर सगळ्यांत आधी आम्हीच हसलो असतो. पण मी अकरावीत असताना एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात आम्ही पोरापोरींनी दोन माणसं बसतील असं खरंखुरं विमान बांधलं. नवी ओळख झाली की चहा यायच्या आत मी हे सांगून टाकते. शेखी म्हणा हवं तर. आहेच.

शिकवायला दोघं होती. एक चामोर्शीकडचे, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात उमर गेलेली, निवृत्त होऊन गावी आले तर शेतात जीव रमेना. दुसऱ्या पायलट बाई, दर रविवारी नागपूरहून यायच्या. विमानाचे सुटे भाग त्यांनीच मागवले होते. भाऊंची कसोटी एकच. कुठलाही जोड पुरा झाला की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "याच्यात आपल्या मायले बसवशीन का?" छातीठोकपणे हो म्हणता आलं तर पुढचं काम. जीभ अडखळली की उघडा आणि पुन्हा करा.

मी हे घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मले काऊन मधात घेता? पोट्ट्यापोट्टींच्या विमानात मी मेली तरी नाई बसत."

मला ते झोंबलं. आई दुसऱ्या एका मिलमध्ये तांदळाची पोती शिवायची. हातात दाभण आणि सुतळी आली की तिच्याशी कुणी शर्यत लावायचं नाही. तिला कुणाचं काम सहजी पटत नसे, माझं तर नाहीच. बाकीच्या पोरांना विमान उडायला हवं होतं. मला त्यात आई बसायला हवी होती.

पंखावर कापड चढवायची वेळ आली. पंखाच्या आत लाकडाच्या फासळ्या असतात. वरून कापड चिकटवायचं, गरम इस्त्री फिरवून ताणायचं आणि मग मेण लावलेल्या दोऱ्यानं ते फासळ्यांना शिवायचं, कारण विमान वर गेलं की हवा पंखावरचं कापड ओढायला लागते. पंख उभा करून ठेवायचा, अलीकडे एक, पलीकडे एक, आणि हातभर लांब सुई इकडून तिकडे. भाऊंनी पहिले टाके घालून दाखवले. प्रत्येक टाक्याला गाठ. मला ते फारच रटाळ वाटलं. भाऊ इंजिनाकडे वळले आणि मी आईची विद्या काढली. सुरुवातीला गाठ, शेवटी सुरगाठ, मध्ये सरळ धावता टाका. घरची पोती शिवून हात बसलेला. पलीकडची मैत्रीण म्हणाली, "एवढ्या लवकर? भारी!" बघता बघता आमची फासळी शिवून तयार. ओळ अशी सरळ की मीच मागं सरकून दोनदा पाहिली.

भाऊ आले. "मायले बसवशीन?"

"बसवीन!" मी म्हटलं. गोदामभर ऐकू गेलं.

त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, ओळीच्या मध्यावर एक टाका कापला आणि दोरा धरून ओढला. सर्रकन पुरी शिवण निघून आली. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर सगळ्यांच्या पायांशी दोरा होऊन पडलं होतं.

"वरतं एक टाका तुटला तं?" एवढंच म्हणून ते गेले.

रडत घरी आले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आई म्हणेल, सोड ते विमान. तिनं पदर खोचला. दुसऱ्या दिवशी मिलमधून सुटल्यावर थेट गोदामात. "माझा टाका कोणाले खराब दिसला?"

भाऊ आदबीनं उठून उभे राहिले. "खराब नाई, बाई. पोतं घरी नेलं का उघडाव लागते. तुमचा टाका उघडासाठीच हाय. हे उघडलं तं माणूस जाते."

आईनं भाऊंचे टाके न्याहाळले, एक गाठ नखानं खरवडून पाहिली आणि परत गेली. मी मात्र सुई उचलली. टाका, निरगाठ. टाका, निरगाठ. बोटांना चिरा पडल्या, चुलीतल्या राखेसारखं मेण नखांत बसलं, आणि मला पहिल्यांदा ते काम आवडायला लागलं.

पंख शिवून झाला त्या संध्याकाळी आई पुन्हा आली, स्वतःची दाभण घेऊन. आधी भाऊंना विचारलं, मग माझा एक टाका कापला आणि दाभणीनं दोरा उचकून ओढला. शेजारची गाठ जागची हलली नाही. तिच्या शेजारचीही नाही. ती ओठ आवळून ओढत राहिली. शेवटी दाभण पिशवीत टाकत म्हणाली, "हे उडन तवा सांगजो मले." आणि कापलेला टाका मी पुन्हा घालेपर्यंत तिथंच उभी राहिली.

पुढच्या हिवाळ्यात पंख काढून, ट्रकवर घालून विमान चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर नेलं. तपासण्या झाल्या, परवानगी आली. आधी पायलट बाई एकट्याच उडाल्या, कितीतरी वेळा. मग त्यांच्या शेजारी भाऊ बसले. मग मी आईला सांगितलं. ती विहारात जायची पांढरी साडी नेसून आली. तिला पट्टा मीच बांधला. "डाग पडला तं तूच धुशीन," ती म्हणाली.

विमान झाडांच्या वर गेलं. त्या दोन पंखांवर आमची सगळ्यांची बोटं होती, आणि मधे माझी आई. इतका अभिमान मला नंतर कशाचाच वाटला नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही.

उतरल्यावर मी धावत गेले. "जंगल दिसलं? नदी दिसली?"

"खाली कोणं पाह्यलं?" ती म्हणाली. "मी तं पंखच पाहून राह्यली होती. रंगाखालून तुया गाठी दिसते. एक बी नाई हलली."

मग तिनं तिथंच उभ्या उभ्या मिलमधल्या मैत्रिणीला फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. आई एवढ्या जोरात बोलली की भाऊंनीही मान वळवली.

"भेव कायचा वं? शिवण घरचीच होती."