आतले नट

कुठलीही गाडी दुकानात आली की सुलोचना आधी चाकाला हात लावायची. उलटा हात. पोराला ताप आहे का बघतात, तसा. गिऱ्हाईक उतरायच्या आत ही बसायच्या डब्यावरून उठून, पदर खोचून, चारही चाकं बघून यायची. मग सांगायची, "मागचं डावं तापलंय. ब्रेक धरतोय."

गिऱ्हाईक म्हणायचं, "काकी, मी हवा भरायला आलोय."

"भरा की. हवा भरा आणि तापलेलंच घेऊन जावा."

सुलोचना म्हणजे माझी बायको. मुलुंडला आमचं टायरचं दुकान आहे, पत्र्याची शेड. लग्न करून मालवणाकडून आली तेव्हा तिला सायकलचं चाकसुद्धा ठाऊक नव्हतं. दुपारी माझा डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत तेलाच्या उलट्या डब्यावर बसून राहायची. बसून बसून कंटाळली असेल. एक दिवस म्हणाली, "ती ट्यूब हडे द्या, मी बघतंय." तेव्हापासून तो डबा तिचा झाला. वर जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरलेला. दुसरं कोणी बसलं तर सरळ म्हणायची, "उठा, ती माझी खुर्ची आहे."

तिचं तोंड फटकळ होतं. माझंही आहे. पण मी शिवी दिली तर लोक चिडायचे, तिने दिली तर हसायचे. एका रिक्षावाल्याचे टायर गुळगुळीत झालेले, तो बदलायचं नाव घेईना. ही त्याला म्हणाली, "बायकोला फोन कर. मला तिच्याशी बोलायचंय." रिक्षावाला घाबरून म्हणाला, "कशाला?" "तिला विचारते, तू आवडतोस की नाही. नसशील आवडत तर राहू दे टायर." त्याने त्याच दिवशी टायर बदलले.

काम झालं की लोकांना निघायची घाई असते. ही आडवी यायची. रागात असली की मालवणी बाहेर पडायची. "दिसता ता झाला. दिसणा नाय तेचा काय?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. घरीसुद्धा. मी कपाट पुसलं तरी ही वाकून कपाटाखाली बघणार.

आता दातारांच्या गाडीचं सांगतो. त्याशिवाय सुलोचना कळणार नाही.

दातार साहेब घाटकोपरचे. त्यांच्या वडिलांची एक जुनी स्पोर्ट्स कार होती, दोनच सीटची, उघडी, लाल. वडिलांनीच तरुणपणी घेतलेली. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. कित्येक वर्षं सोसायटीत ताडपत्रीखाली उभी होती. साहेबांनी इंजिन करून घेतलं, रंग केला, पण चाकं गंजून गेली होती आणि त्या मापाचे टायर आता कुठे मिळत नाहीत. मग त्यांनी नवी चाकं आणली. गाडीच्या हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या तबकडीला, चार बोल्ट, चाकाला भोकं पाच. म्हणून सोबत अडॅप्टर आणले.

अडॅप्टर म्हणजे मधली जाड चकती. ती आधी हबवर चार नटांनी आवळायची, मग तिच्यावर पाच नटांनी चाक. चाक एकदा चढलं की आतले चार नट झाकले जातात. ते सैल झाले तर बाहेरून दिसत नाही. चाक झकास दिसतं आणि आत वाट लागलेली असते. म्हणून गाडी एकदा लांब पळवून आणायची, थंड होऊ द्यायची, चाकं परत काढायची आणि आतले नट पुन्हा आवळायचे. पुष्कळ जण हे करत नाहीत. वेळ जातो. आमच्याकडे हे केल्याशिवाय गाडी सुटायची नाही. हा नियम सुलोचनाचा.

त्या शनिवारी दुपारपर्यंत मी चारही चाकं चढवली. चाकं थोडी बाहेर आली होती, पण मडगार्डला घासत नव्हती. गाडी अशी दिसत होती की रस्त्यावरची माणसं थांबून फोटो काढत होती. दातार साहेब चावी मागायला लागले. आजोबा नव्वदीचे. त्यांना आरे कॉलनीतून एक चक्कर मारायची होती, पूर्वी बायकोला घेऊन मारायचे तशी. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून घरी बसले होते.

सुलोचना म्हणाली, "आज नाय. आज आम्ही पळवून आणतो. रात्रभर थंड होऊ दे. उद्या सकाळी आतले नट बघतो, मग न्या."

"अहो काकी, ते वाट बघतायत. मी हळू चालवतो."

"हळू चालवा नाहीतर ढकलत न्या. चाक सुटायचं तर सुटणारच. बाजूला कोण बसणार? आजोबाच ना?"

"एक चक्कर तर आहे!"

"मग ती उद्या मारा. उद्या काय आरे कॉलनी उठून जाते?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका, चावी तिच्या कमरेला आहे. ते पाय आपटत रिक्षाने गेले.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन घोडबंदरला गेलो. ती बसताना म्हणाली, "ही गाडी आहे की घमेलं? जमिनीवर पडल्यासारखं वाटतंय." मग वारा लागला. पदर डोक्यावरून उडाला, तिने परत घेतला नाही. परत येताना म्हणाली, "म्हातारा खूश होईल हो." त्या गाडीत ती तेवढीच बसली.

सकाळी चाकं उतरवली. मी पाना लावत गेलो, ती बाजूला उभी. एकही नट हलला नव्हता. सोळाच्या सोळा जसेच्या तसे. मी म्हटलं, "काय गो, फुकट थांबवलंस." ती म्हणाली, "बरं झालं. आता बोलवा त्यांना."

फोन लावला. साहेब हॉस्पिटलमध्ये होते. आजोबा पहाटे बाथरूममध्ये पडले होते. ते घरी परत आलेच नाहीत.

गाडी आमच्या शेडमध्येच राहिली. सुलोचना रोज तिच्यावरची धूळ झटकायची. एक पावसाळा गेला तेव्हा साहेब न्यायला आले. चावी घेतली आणि म्हणाले, "काकी, एकच दिवस होता हो त्यांच्याकडे. तो तुम्ही घेतलात."

मला वाटलं ही आता उसळेल. ती म्हणाली, "होय." मग म्हणाली, "पण साहेब, परत आलात तरी मी हेच सांगीन."

साहेब गेले ते कित्येक वर्षं आले नाहीत.

तिने नियम मोडला नाही. पण त्यानंतर काय व्हायचं, घरी बांगडे साफ करता करता मधेच सुरी थांबायची. "शर्ट घालून बसले होते ना?" मी म्हणायचो, "सोड ना आता." एकदा म्हणाली, "एक तरी नट ढिला निघायला पाहिजे होता हो. एकच. मग मला झोप लागली असती." नट घट्ट होते. मीच आवळले होते.

मागच्या वर्षी ती गेली. पोटात गाठ होती. दुखतंय हे तिने सांगितलं तेव्हा हॉस्पिटलवाले म्हणाले, उशीर झाला. दिवसाला चाळीस चाकांना हात लावून यायची आणि स्वतःच्या पोटाला हात लावू द्यायची नाही. राग येतो मला तिचा. अजून येतो. जेवायला बसलो की जास्त येतो.

परवा दुपारी ती लाल गाडी शेडसमोर येऊन उभी राहिली. दातार साहेबांचे केस पांढरे झालेत. टायर बदलायचे होते. मुलगी सासरहून आली होती, तिला घेऊन ते लोणावळ्याला निघणार होते. इकडे तिकडे बघून म्हणाले, "काकी?"

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. ते चप्पल काढून फोटोसमोर उभे राहिले.

मी जॅक लावला. विचारलं, "चाकं मधे कोणी उघडली होती?"

"टायरवाले हवा भरून देतात. आतलं कोण बघतंय?"

मागचं डावं चाक उतरवलं. चकतीवरच्या पहिल्या नटाला पाना लावायला गेलो तर तो बोटानेच फिरला. नुसत्या बोटाने. चाक ते बाजूच्या सीटमागचं, मुलगी बसणार होती त्या बाजूचं.

मी गुडघ्यावर होतो. तसाच मागे वळलो आणि ओरडलो, "अगो, निघाला बघ! एक निघाला!"

डबा रिकामा होता. त्यावर ट्यूबचा तुकडा तेवढा होता.

साहेबांनी ते ऐकलं. ते जवळ आले, खाली वाकले, नट बोटाने फिरवून बघितला. मग चावी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "गाडी आज राहू दे. तुम्ही पळवून आणा. उद्या आतले नट बघा, मग नेतो. मुलीला सांगतो, एक दिवस थांब."

तो नट मी बदलला. जुना तिच्या फोटोपुढे वगैरे ठेवला नाही, असली नाटकं तिला चालली नसती. भंगारात टाकला.

संध्याकाळी घोडबंदरला एकटाच गेलो. परत आल्यावर खाली उतरलो आणि चारही चाकांना हात लावून बघितलं, उलटा. तापलं नव्हतं काही. शेड बंद करायची वेळ झाली होती, तरी मी जाऊन त्या डब्यावर बसलो. उठा म्हणायला कोणी नव्हतं.