जत्रेच्या दिवसांतला डबा

माझा दौलतमामा रागावला की दवाखान्यातल्या बाटल्यासुद्धा सरळ रांगेत उभ्या राहतात, असं आम्ही घरात म्हणायचो. मूळचा बोर्डीचा. चिकू-नारळाची वाडी भावांनी सांभाळली आणि हा डहाणूत अण्णा डॉक्टरांकडे कंपाउंडर झाला. मॅट्रिक झाल्यावर मीही त्याच दवाखान्यात मलमपट्टीच्या टेबलाशी लागले. त्यामुळे त्याच्या तोंडाचा पट्टा मला घरीही ऐकावा लागे आणि बाहेरही.

त्याचा खरा राग होता औषध अर्धवट टाकणाऱ्यांवर. तेव्हा रोगी घरून आपली रिकामी बाटली घेऊन यायचा. मामा ती विसळायचा, मिक्श्चर भरायचा आणि बाहेरून मात्रांची कागदी पट्टी कातरून चिकटवायचा. मग समोरच्या बाईला दम भरायचा, "ही पट्टी दिसते ना? पार तळापर्यंत गेलं पाहिजे औषध. थेंब जरी ओतलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" पाड्यांवरून आलेल्या बायका मुकाट मान डोलवायच्या. माणूस वाईट नव्हता, पण हे त्यांना कसं कळावं? मी त्याची सख्खी भाची, मलाही ते उशिराच कळलं.

आणि त्याला अभिमान होता कपाटाचा. दवाखान्यात घरटी एक कागद. आजोबाचा दमा, सुनेचा ताप, पोराचा खोकला, सगळं एकाच कागदावर एकाखाली एक. ज्या दिवशी त्या घरातलं कोणी येईल, त्या दिवशी तो कागद जुन्या जागेवरून निघायचा आणि त्या तारखेच्या गठ्ठ्यात जाऊन बसायचा. "ताजं पुढं, जुनं मागं," मामा म्हणायचा. रोग्यांना तारीख कधीच सांगता यायची नाही. मामा विचारायचा, "मागे कधी आलेलास?" उत्तर यायचं, "भाताची आवणी चालू होती तवा," नाहीतर "महालक्ष्मीच्या जत्रेच्या आदल्या बाजाराला." मामा भिंतीवरच्या पंचांगाकडे एक नजर टाकायचा, कपाटात दोन फूटपट्ट्या खुपसायचा, एक इकडे आणि एक तिकडे, आणि मधले कागद उपसायचा. हवा तो कागद त्यातच असायचा. मग मिशीला हात फिरवून आमच्याकडे असं बघायचा, की जणू मुंबईहून कोणी त्याचा सत्कार करायला आलंय.

बासष्ट साली वैशाखात मुंबईच्या व्यापाऱ्याची तार आली. खोकल्याच्या मिक्श्चरमध्ये घालायच्या पुडीच्या एका डब्यात चुकून भलतीच पूड भरली गेली होती. अण्णा डॉक्टरांनी तार वाचली आणि खुर्चीत मागे टेकले. मोठ्या माणसाचं फार तर पोट बिघडलं असतं, पण अंगावरच्या पोराच्या जिवावर बेतलं असतं. आणि खोकल्याचं मिक्श्चर आम्ही जास्त करून पोरांनाच देत होतो.

डबा उघडला होता जत्रा सुरू झाली त्या दिवशी आणि संपला होता अक्षय्य तृतीयेला. सगळं औषध तेव्हाच पोटात गेलं असतं तर बोंब आधीच झाली असती. पण आमच्याकडे उरलेलं औषध पुढच्या खोकल्यासाठी राखून ठेवायची सवय. कुडाला टांगलेली ती बाटली कधी खाली उतरेल याचा नेम नव्हता.

"दौलत, मधले सगळे लोक पाहिजेत मला," अण्णा म्हणाले.

"आत्ता देतो," मामा म्हणाला. त्याने दोन्ही फूटपट्ट्या खुपसल्या, एक जत्रेवर आणि एक अक्षय्य तृतीयेवर, आणि मधला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मग नुसती धावपळ. आशागडच्या मास्तरांकडे निरोप, एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप, बाजारातल्या मिठाच्या दुकानात निरोप. अण्णा स्वतः सायकल काढून जवळच्या पाड्यांवर फिरले. लोक बाटल्या घेऊन आले, काही अर्ध्या, काही भरलेल्या. एरवी त्या बघून मामाने आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी तो गुमान मोरीत ओतत होता आणि कागदांवर खुणा करत होता. शेवटच्या कागदावर खूण झाली तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

"बघितलंस, विजू? याला म्हणतात व्यवस्था," तो मला म्हणाला. मीही सुटकेचा श्वास टाकला. एकही पोर आजारी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलासरीकडचा लाहू पट्टी बदलायला आला. लाकडं फोडताना त्याच्या पायावर कुऱ्हाड लागली होती. मी जखम धुताना सहज विचारलं, "पोरगं कसं आहे रे तुझं? मागे खोकत होतं."

"खोकते अजून," लाहू म्हणाला. "पण औषध हाय ना घरी. बायको बोलली, वाढला खोकला का देईन."

"कुठलं औषध?"

"इथलंच. जत्रेतून परत येताना नेलेलं."

माझा हात थांबला. पलीकडे मामा बाटली पुसत होता, त्याचाही थांबला. तो कपाटाकडे गेला आणि लाहूच्या घरचा कागद काढून आणला. जत्रेच्या दिवसांत तो नव्हताच. तो होता अगदी पुढे, चालू आठवड्यात. खाली कुऱ्हाडीची जखम, आणि तिच्याच वर जत्रेतली तारीख, पोराचा खोकला, मिक्श्चर. मामाच्याच अक्षरात. बाप पाय घेऊन आला, कागद पुढे सरकला, आणि पोराचा खोकलाही त्याच्याबरोबर दोन फूटपट्ट्यांच्या बाहेर निघून गेला.

मामा स्टुलावर मटकन बसला. "माझ्याच रीतीने घात केला गं," तो म्हणाला. मला त्याची इतकी दया आली की टोमणा मारायचंही सुचलं नाही.

अण्णांनी अक्षय्य तृतीयेनंतरचे सगळे कागद टेबलावर घेतले आणि आणखी असं कोण सुटलंय ते स्वतः बघायला बसले. "तुम्ही दोघं निघा आधी," ते आम्हाला म्हणाले.

एस.टी.त लाहू पाय लांब करून बसला होता आणि काय चाललंय ते त्याला आता कळलं होतं. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा. विवळवेढ्याला देवीचं देऊळ आलं तसे मामाने हात जोडले ते तलासरी येईपर्यंत सोडले नाहीत. एरवी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडणारा माणूस, त्या दिवशी उरलेले पैसे मागायलाही विसरला.

तलासरीहून पाड्यापर्यंत पायवाट. जखमी लाहू मागे पडला, मी मध्ये, आणि पोट सुटलेला माझा मामा सगळ्यांच्या पुढे. अंगणात लाहूची बायको बारकी सूप घेऊन बसली होती. मामाला आपल्या दारात बघून ती ताडकन उठली.

"बाई, पोराला औषध दिलंस का?" मामा धापा टाकत ओरडला.

बारकीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "दिलं भाऊ," ती घाईने म्हणाली. "सगळं दिलं. कालच संपलं. थेंब नाय ठेवला."

मामा अंगणातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मागून लाहू लंगडत आला होता. त्याने ते ऐकलं आणि बायकोच्या अंगावर धावून जावं की रडावं, हेच त्याला कळेना. पण पोर कुठे होतं? मी आत वाकून बघितलं. ते झोळीत पाय उडवत होतं, आपलीच मूठ चोखत, आणि मध्येच एकदा खोकून पुन्हा चोखायला लागलं. आणि त्याच्या वर, कुडाच्या आडव्या काठीला, आम्ही भरून दिलेली बाटली. मामाने कातरलेली मात्रांची पट्टी तशीच. आत रॉकेल, तोंडाला भोक पाडलेलं झाकण आणि त्यातून वर आलेली चिंधीची वात. बारकीने बाटलीची चिमणी केली होती आणि वापरून वापरून काच वरून काळी झाली होती. ही काही कालची गोष्ट नव्हती.

मी ती चिमणी उचलून बाहेर आणली. "बारकी, खरं सांग. कोणी रागावणार नाही तुझ्यावर. ही कधी केलीस?"

बारकीने खाली मान घातली. "नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "पोरानं तोंडात घेतलं नि सगळं थुंकलं. लय कडू. मी ओतून दिलं. यांनाबी बोलली नाय, दुसऱ्या बाटलीत काढलं असं सांगितलं, हे जाऊन तुम्हाला सांगतील म्हणून. भाऊ लय रागावतात."

मामाने डोक्यावरचे हात काढले.

"ओतलंस?" त्याने विचारलं. "सगळं?"

"सगळं, भाऊ."

"बरं केलंस गं माझे बाई!" मामा म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. मिशी, गाल, सगळं ओलं. बारकीला वाटलं, उन्हाने माणसाचं डोकं फिरलं. तिने लोटाभर पाणी आणून दिलं. मी पण रडले, मला लाज वाटत नाही सांगायला. लाहू आत गेला, पोराला झोळीतून काढून आणलं आणि मामाच्या मांडीवर ठेवलं. पोराने ताबडतोब त्याची मिशी धरली.

परतायच्या आधी मामाने मला हळूच विचारलं, "विजू, मी इतका रागावतो का गं?"

"इतका की लोक पोराच्या जिवाचं विचारलं तरी खोटं बोलतात," मी म्हणाले. संधी आली होती, मी ती सोडली नाही.

आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर अण्णांनी सगळे कागद चाळले होते. सुटलेली आणखी दोन घरं निघाली होती. दोन्ही मोठी माणसं, दोन्ही ठणठणीत. मामाने त्याच संध्याकाळी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या. तेव्हापासून कागद पुढे सरकला की त्याच्या जुन्या जागी नाव लिहिलेली एक चिठ्ठी राहायची. दोन फूटपट्ट्यांच्या मधून मग कोणीच सुटलं नाही.

पण खरा बदल औषध देण्याच्या खिडकीपाशी झाला. पुढे भादव्यात बारकी पोराला घेऊन पुन्हा आली, दुसरी बाटली घेऊन. मामाने नेहमीसारखी पट्टी चिकटवली, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं.

"मागचं कसं लागलं होतं?" त्याने विचारलं.

"कडू, भाऊ. ओतलं," बारकी बेधडक म्हणाली.

"बरं झालं, सांगितलंस ते," मामा म्हणाला, आणि त्याने मिक्श्चरमध्ये साखरेचा पाक घातला.