पद्माक्कांच्या घरी शुक्रिया

पद्माक्का गेल्याचा फोन मला शुक्रियानं केला. सकाळचे सात वाजले असतील. "सुनंदाताई, आक्का उठंनात," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... मी पोचले तेव्हा आक्का रोजच्यासारख्या भिंतीकडे तोंड करून निजलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही कळलंही नसेल. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, कुणाला एक दिवस अंथरूण धुवायला लावलं नाही. कुरुंदवाडहून त्यांचे पुतणे आले. कोपऱ्यात बसून रडणाऱ्या गोऱ्या मुलीकडे बघून त्यांतल्या एकानं शेजारच्या काकूंना हळूच विचारलं, "ह्या कोण?" काकू म्हणाल्या, "आक्कांची लेक की." पुतण्यानं मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. आज दीड महिन्यानं लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच आठवतंय.

पद्मावती आवटी. कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न केलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आमच्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. बाहेरच्या विद्यापीठातून मूल शिकायला आलं की त्याचे जुने कागद तपासायचे आणि ते इथं शिकायला पात्र आहे की नाही हे ठरवायचं, हे त्या विभागाचं काम. आक्कांच्या खिडकीसमोर पोरं देवळात उभी राहावीत तशी उभी राहत. "कागद न्हाय, तर काम न्हाय," हे त्यांचं वाक्य मी वनस्पतिशास्त्र विभागात नवी लागले तेव्हा शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मलाही त्यांनी एकदा एका विद्यार्थ्याच्या एका सहीसाठी तीनदा परत पाठवलं होतं. पुढं मी त्यांच्याच कॉलनीत राहायला गेले आणि खिडकीपलीकडच्या आक्का मला दिसल्या.

शुक्रिया आमच्याकडं एम.एस्सी.ला काबूलहून आली. परदेशी विद्यार्थ्यांचं काम तेव्हा माझ्याकडं नुकतंच आलं होतं. तिचे मूळ कागद तिकडच्या विद्यापीठाकडून पडताळून यायचे होते, म्हणून प्रवेश तात्पुरता दिलेला. आणि मग तिच्या पहिल्या वर्षातच काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. शिकायला आलेली मुलगी आठवड्याभरात निर्वासित झाली. वडील शिक्षक, ते आणि आई गाव सोडून नातेवाइकांकडे लपलेले. भाऊ कुठं आहे ते बरेच दिवस कळलं नाही. ती प्रयोगशाळेत यायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि तासभर काच सरकवायचीच नाही.

आम्हां सगळ्यांना काहीतरी करायचं होतं. काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून आम्हांला जे येतं ते आम्ही केलं... सत्कार ठेवला. शाल, नारळ, व्यासपीठ, पाच भाषणं. एका वक्त्यानं 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणून शुक्रियाकडं हात केला तेव्हा ती उठून उभी राहिली, कारण तिला वाटलं तिचं नाव घेतलं. सगळे हसले, तीही हसली, आणि मग शालीत तोंड घालून रडायला लागली. निवृत्त झाल्या तरी आक्का अशा कार्यक्रमांना यायच्या, तशा शेवटच्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सुनंदा, पोरीला शाली कसल्या पांघरताय? जेवायला कुणी बोलीवलंय काय तिला?" खरंच कुणी बोलावलं नव्हतं. "दिवाळीत हॉस्टेल बंद हुतंय. कुठं जाणार हाय ती?" मी म्हटलं, "बघते काहीतरी." "तू बघ निवांत," त्या म्हणाल्या, "तवर मी घेऊन जाते."

पहिल्या दिवशी मीच तिला सोडायला गेले होते. आक्का दारात.

"नाव काय गं तुझं?"

"शुक्रिया."

"आभार ऱ्हाऊ देत. नाव इचारलं मी."

"आक्का, तेच नाव आहे तिचं."

आक्कांनी दार सताड उघडलं. "बरं झालं," म्हणाल्या, "म्हंजे आभार मानायची गरज न्हाई. नावातच झालं. ये आत."

दिवाळीच्या पंधरवड्यासाठी गेलेली शुक्रिया परत हॉस्टेलवर आलीच नाही. मला धाकधूक होती. आक्कांच्या घरात कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, चूलसुद्धा पेटत नाही. आणि ही मांस खाणाऱ्या मुलखातली. आक्कांनी तोही प्रश्न सोडवून टाकला. "मटण खावं वाटलं तर ऐतवारी सुनंदाकडं जायचं. ती करती चांगलं, असं म्हणत्यात लोक." माझा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, एरवी आठवड्याला एकदा कशीबशी पिशवी घेऊन बाहेर पडणारा. तो तिला चालेल असं मटण कुठं मिळतं याची चौकशी करून आला. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हांला वाटलं, घर आठवलं. "तिखट!" ती म्हणाली. ते तिचं पहिलं मराठी.

मग रमजान आला. आणि आमच्या आक्कांच्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं ते मी दोन-चारदा मुद्दाम जाऊन पाहिलं आहे. एकीला सूर्य मावळायच्या आत जेवायचं, दुसरीला मावळल्यावरच. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ दोघीही बघत, एकाच ओळीवर बोट ठेवून. आक्का उजेड असतानाच दोघींचा स्वयंपाक उरकत. स्वतः जेवत, आणि शुक्रियासमोर भरलेलं ताट झाकून ठेवत. सूर्य बुडायच्या थोडं आधी शेवटचा घोट पाणी पिऊन त्या आपलं भांडं पालथं घालत. लांबच्या मशिदीतून अजान यायला अजून काही मिनिटं असत. तेवढा वेळ दोघी समोरासमोर बसत. त्या मिनिटांत घरात दोघींचाही उपास असे. मग अजान झाली की आक्काच ताटावरचं झाकण काढत, "हं, घे आता," म्हणत. पहाटेचं खाणं मात्र शुक्रिया स्वतः गरम करून घ्यायची. आक्कांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "माझा नेम मी मोडणार न्हाई, तुझा तुला मोडू देणार न्हाई. काडेपेटी खिडकीत हाय."

एकदा तिच्या आईचा व्हिडिओ कॉल लागला आणि शुक्रिया नेमकी आंघोळीला गेलेली. आक्कांनी फोन उचलला. मी समोर होते. आक्का मराठीत बोलत होत्या, तिकडून ती बाई फारसीत. "वाळलीया जरा, पण आता धरंल अंग," आक्का सांगत होत्या. पलीकडची बाई डोळे पुसत, छातीवर हात ठेवत काही म्हणत होती. असं दहा मिनिटं चाललं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" आक्का म्हणाल्या, "आई काय म्हणती, ते कळाय भाषा लागती व्हय?"

खरी अडचण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आली. शुक्रिया विभागात दुसरी आली होती, पण 'पात्रतेअभावी राखीव' असा शेरा पडून निकाल अडकला. मूळ कागदांची पडताळणी आलेली नव्हती. येणार तरी कुठून? मी पाठवलेल्या अकरा पत्रांना उत्तर नव्हतं. तिच्या विभागात मुलींना पाऊल ठेवायची बंदी झाली होती, शिकवणारे पांगले होते. पदवी नाही तर पीएच.डी.चा प्रवेश नाही, प्रवेश नाही तर व्हिसा वाढणार नाही... आणि मग परत. मी तिला "होईल, थांब" म्हणत राहिले. आज कबूल करते, ते मी तिच्यासाठी म्हणत नव्हते. मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं म्हणून म्हणत होते.

आक्का उठल्या आणि इतक्या वर्षांनी आपल्या जुन्या विभागात गेल्या. आता तिथं शिंदे अधीक्षक होते, आक्कांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, फाईल बघितली आणि मान खाली घातली. "आक्का, तुम्हीच शिकिवलासा आमाला. कागद न्हाय, तर काम न्हाय." चहा तसाच ठेवून त्या घरी आल्या आणि तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. शुक्रियानं बॅग भरायला काढली. आक्कांनी ती माळ्यावर परत टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या दारात. "सुनंदा, रिक्षा बोलीव. आठवलं मला." आक्का नोकरीत असताना एकदा कुरुंदवाडला महापूर आला होता, त्यांचं गावचं घर माळवदापर्यंत पाण्यात होतं, त्या वर्षी पोरांची गुणपत्रकं, दाखले सगळं वाहून गेलं होतं, काही शाळांचं दप्तरसुद्धा. तेव्हा उमेदवाराचा दोष नसताना मूळ नोंदच मिळणं अशक्य असेल, तर प्रतिज्ञापत्र, ओळखणाऱ्या दोघांची साक्ष आणि विभागाची तोंडी परीक्षा यांवर पात्रता द्यावी, असं परिपत्रक निघालं होतं. त्याचा मसुदा आक्कांनी स्वतः केला होता, एका शाळेत सतरंजीवर बसून, पूरग्रस्तांच्या रांगेत जेवून आल्यावर. हे त्यांनी मला त्या दिवशी रिक्षात सांगितलं, त्याआधी कधीच नाही. "आठ दिवस हुते मी तिथं. एक बाई रोज इचारायची, मावशी, मीठ बरोबर हाय न्हवं? त्येवढंच ध्यानात ऱ्हायलंय."

"तिसरं कपाट, खालनं दुसरा कप्पा," त्यांनी शिंद्यांना सांगितलं. फाईल तिथंच होती. शिंदे वाचत गेले आणि म्हणाले, "पण हे पुरासाठी हाय, आक्का." तेव्हा आक्का म्हणाल्या ते त्या खोलीतल्या सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. "आरं, पुरात कागद हरवलं. हिचं कागद हरवल्यालं न्हाईत, हिचं हापिसच हरवलंय. मग मोठा पूर कंचा?"

शिंद्यांनी टिपणी स्वतःच्या हातानं लिहिली. पात्रता समितीत मी होते, निवृत्त म्हणून आक्का बाहेर बाकड्यावर. एक सदस्य म्हणाले, उद्या कुणीही येईल आणि माझं विद्यापीठ बुडालं म्हणेल. शिंदे एरवी अशा बैठकीत फक्त कागद पुढं सरकवतात. ते उठून म्हणाले, "येऊ देत की सर. तपासायला आम्ही बसलोय." दुसऱ्या बैठकीत मंजुरी आली. तोंडी परीक्षा सव्वा तास झाली आणि ती घेणाऱ्यांनाच घाम फुटला.

पदवीदान समारंभात पालकांच्या रांगेत आक्का नवी इरकल नेसून बसल्या होत्या. शेजारी माझा नवरा आणि पलीकडं शिंदे, का कोण जाणे, टोपी घालून. शुक्रियाचं नाव पुकारलं आणि आमच्या विभागातली पोरं उठून शिट्ट्या वाजवायला लागली. तिनं व्यासपीठावरून शिट्टीच्या दिशेनं बघितलं आणि पहिल्यांदाच खांदे सैल सोडून हसली. त्या दिवशी शाल नव्हती, नारळ नव्हता. घरी सगळ्यांना जेवण होतं, अर्थात उजेड असतानाच. पंगत उरकता उरकता आक्का सारखं आकाशाकडं बघत होत्या आणि वाढप्यांवर ओरडत होत्या.

त्यानंतरची वर्षं आक्का सुखात होत्या. हा शब्द मी जपून वापरते. शुक्रियाची पीएच.डी. सुरू झाली, भावाचा पत्ता लागला, तो जर्मनीत पोचला. संध्याकाळी दोघी कॉलनीत फेरी मारायच्या आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला आक्का आता तिला पुढं करायच्या.

गेल्या आठवड्यात मी एका कामासाठी पात्रता विभागात गेले होते. खिडकीशी शुक्रिया होती, आणि तिच्यामागं सुदानहून आलेली एक मुलगी, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन कागद घट्ट धरून. शिंदे घड्याळ बघत म्हणत होते, "उद्या या की, आता बंद करायची येळ झाली."

"उद्या न्हाई ओ सायेब," शुक्रिया म्हणाली, "लांबनं आलीया ती. आजच बघा."

शिंद्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि ड्रॉवर उघडून कोरा अर्ज काढला. शुक्रियानं खुर्ची ओढली आणि बसली. त्या मुलीला यातला एक शब्द कळला नव्हता... पण ही बसली म्हणून तीही बसली, आणि तिनं पिशवी टेबलावर ठेवली.