दुसरा टेकू

लातूरच्या भूकंपाच्या वर्षी माझी पोस्टिंग इंजिनिअर्सच्या एका युनिटमध्ये ट्रेनिंग हवालदार म्हणून होती. मी लोहा तालुक्यातला. आमचे सुभेदार कांबळे साहेब निलंग्याकडचे. मुलूख जवळचा, त्यामुळे परेड संपली की आम्ही गावाकडचं बोलायचो.

त्या उन्हाळ्यात मी बचावकार्याचा दोन आठवड्यांचा काडर, म्हणजे युनिटमधला प्रशिक्षण वर्ग, घेतला. ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत कसा काढायचा, हा विषय. शेवटच्या दिवशी टेस्ट झाली. सगळे जवान पास झाले. मी रिझल्ट शीट साहेबांपुढे ठेवली.

"चांगला हाय," ते म्हणाले. "पण काल शिकवलं अन्‌ आज इचारलं. दीड महिन्यानं बघू."

"साहेब, सगळे पास आहेत."

"तुमच्यापुढं पास हायेत."

मला ते लागलं. दीड महिन्यानंतर एका सकाळी पीटी चालू असताना साहेबांनी शिटी मारली. मैदानाच्या कडेला दगडांचा ढीग रचलेला होता. त्याखाली मोठ्या पाइपात एक जवान झोपवला होता. लान्स नाईक बालाजीचं सेक्शन कुदळी घेऊन थेट ढिगावर चढलं. थांबून कान कुणीच दिला नाही. खालचा जवान पाइप वाजवत राहिला.

साहेबांनी शिक्षा दिली नाही. मला एवढंच म्हणाले, "हे पोरांचे मार्क न्हाईत, हवालदार. आपले हायेत."

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त थांबणं आणि ऐकणं शिकवलं.

भूकंप झाला त्या सकाळी रोल कॉललाच हुकूम आला. दुपारी दोनला आमच्या गाड्यांचा कॉलम पडझड झालेल्या एका गावात पोचला. घरं दगडमातीची होती. माळवदं खाली आली होती आणि गल्ली कुठली, अंगण कुठलं, ते कळत नव्हतं.

साडेतीनला बालाजीनं मूठ वर केली. "सायलेंस!" गाडीचं इंजिन बंद झालं. जवान जागेवर थांबले. गावकरीही गप्प झाले. खालून भांडं वाजत होतं आणि एका बाईचं कण्हणं येत होतं. बालाजीनं हाक दिली.

"मावशी, ऐकू येतंय का?"

"हाव. पाय अडकलाय, बापा."

मी वायरलेसवर कळवलं. "एक जिवंत. डॉक्टर आणि स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

आम्ही हातांनी दगड काढले. चार वाजता एक माणूस सरपटत जाईल एवढी वाट झाली. वरच्या तुळईखाली लाकडाचा एक टेकू लावला. नियम असा, की माणूस आत जाण्याआधी दुसरा टेकू लागला पाहिजे. काडरमध्ये मी तो तोंडी सांगितला होता, करवून घेतला नव्हता. दुसरं लाकूड अजून गाडीपाशीच होतं. मावशीचा आवाज क्षीण होत चालला होता. साहेब आत शिरले. मी थांबवलं नाही.

चार दहाला त्यांनी पाय सोडवून मावशीला बाहेरच्या बाजूला ढकललं. बालाजीनं तिला बाहेर ओढलं. तेवढ्यात जमीन पुन्हा हलली.

"साहेब, बाहेर या!"

"आधी तिला लांब न्या," आतून उत्तर आलं. मग तुळई खाली बसली.

त्यांना काढायला पंचवीस मिनिटं लागली. ते गेले होते.

रिपोर्ट मी लिहिला. प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला, हेही त्यात लिहायचं होतं. मी लिहिलं: ऐकण्याचा सराव उपयोगी पडला, एक जीव वाचला. दुसऱ्या टेकूचा सराव झाला नव्हता. जबाबदार प्रशिक्षक, मी स्वतः.

युनिटचे प्रमुख असलेल्या सीओ साहेबांनी वाचून विचारलं, "काही खोडायचंय?"

"नाही, साहेब."

त्यांनी सही केली आणि पुढचा काडर पुन्हा माझ्याकडेच दिला. त्या विश्वासावर मी उरलेली नोकरी केली.

निवृत्तीनंतर लातूरला एका कोचिंग क्लासच्या वसतिगृहात सुरक्षेचं काम धरलं. आगीपासून बचावाचं ट्रेनिंग झाल्यावर संचालक म्हणाले, "फोटो झाले, सर्टिफिकेटं वाटली. आता काय राहिलं?"

"दीड महिना राहिला, सर."

दीड महिन्यानं भर दुपारी मी न सांगता घंटा वाजवली. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि वॉर्डनला किल्ली सापडेना. सगळी मुलं जिन्यातच अडकली. संचालकांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. कुलूप तिथल्या तिथं काढायला लावलं. असा माणूस भेटणं हेही माझं नशीबच.

निलंग्याला साहेबांच्या घरी मी दरवर्षी जातो. बरीच वर्षं हिंमत झाली नव्हती, पण यंदा रिपोर्टमध्ये मी काय लिहिलं होतं ते त्यांच्या पत्नीला, वहिनींना, सांगितलं.

"तुमची चूक लिवली तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांना नियम ठावं नव्हता का?"

"ठाऊक होता, वहिनी."

"मग तेबी सांगत जा पोरांना. खोटं मोठेपण त्यांना खपत नव्हतं."

तेव्हापासून वॉर्डन आणि गार्डच्या प्रत्येक वर्गात मी सांगतो: सुभेदार कांबळे साहेबांना नियम पाठ होता. आतली बाई गप्प होत चालली होती, म्हणून ते आत शिरले. दुसरा टेकू वेळेत पोचवणं हे आमचं काम होतं.