श्यामला मॅडम आधी n का दाबायला लावायच्या

१. श्यामला मॅडम गेल्या. हार्ट अटॅक.
२. दहावा झाल्यावर त्यांच्या भावाने, व्यंकटेशअण्णांनी, भवानी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी काही बोलले नाही.
३. पुढच्या शनिवारी मी क्लास उघडला.
४. मुलींना एक लॉगिंग लायब्ररी बसवून परत काढायला सांगितलं.
५. काढताना सगळ्यांनी आधी n दाबलं.
६. का, ते मला सांगता आलं नाही.

हे काय प्रकरण आहे, ते या क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते.

प्रोग्राम चालताना त्याने काय केलं, कुठे अडला, हे ओळीने नोंदवून ठेवायचं काम लॉगिंग लायब्ररी करते. काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप केली की ती बसते. दुसऱ्या कमांडने निघते.

बसवताना मशीन काही विचारत नाही. काढताना मात्र काय काय पुसलं जाणार ते दाखवतं आणि विचारतं, पुढे जाऊ? शेजारी दोन अक्षरं. मोठा Y, बारका n.

मॅडमचा पहिला धडा कायम हाच असायचा. आमच्या बॅचला, आमच्या आधीच्या बॅचला, आत्ताच्या मुलींनाही.

आधी n दाबायचं. लायब्ररी अजून आहे का ते बघायचं. मग तीच कमांड पुन्हा, आणि आता y.

पुस्तकात हे असं कुठेही नाही.

"ताई, आधी n का?" वळसंगहून एसटीने येणाऱ्या सुजाताने त्या शनिवारी मला विचारलं.

"मॅडमनी सांगितलं नव्हतं?"

"मॅडम म्हनल्या, दाब की आधी. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल. तुमी पुण्याच्या कंपनीचं काम करता न्हवं?"

वर्ग हसला. मीही हसले असते, पण उत्तर खरंच माहीत नव्हतं.

घरी येऊन रेहानाला फोन केला. आम्ही एकाच बाकावर शिकलो.

"मला वाटायचं, n चं बटण चालतंय का ते बघतात," ती म्हणाली. "तीन नंबरच्या मशीनचं अडकायचं, आठवतंय?"

"बाकीच्या मशीनचं चालायचं की."

"मग मला काय माहीत! तू अजून तश्शीच आहेस बघ. एक प्रश्न धरला की सोडायचा नाही."

मग मी स्वतः करून पाहिलं.

n दाबलं. मशीन काही न बोलता थांबलं. लायब्ररी जागेवर.
भलतंच अक्षर दाबलं. हे उत्तर चालत नाही म्हणालं, पुन्हा विचारलं.
काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं.
लायब्ररी गेली.

हे मला माहीत होतं. Y मोठा लिहिलाय याचा अर्थच तो, उत्तर दिलं नाही तर हो. पण नुसतं एंटर दाबल्यावर एक जुना तास आठवला.

तेव्हा मी घाईत होते. नुसतं एंटर दाबून मोकळी झाले होते. मॅडम मागे उभ्या.

"काय दाबलीस?"

"काहीच नाही, मॅडम."

"काहीच नाही दाबलीस, मग गेली कशी?"

"रिकामं उत्तर म्हणजे हो धरतं ते."

"कोण ठरवलं?"

"ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने."

"तुला विचारलं?"

"नाही."

"हां. बस आता. परत बसव, आणि आधी n."

मॅडमच्या घरी तेलुगू. त्यांच्या मराठीत 'कोण ठरवलं' असंच यायचं. आम्ही मागे नक्कल करायचो, त्यांना ते ठाऊक होतं.

मला तेव्हा वाटलं, शिक्षा केली.

सोमवारी अण्णांकडे गेले. खाली त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान, वर क्लास.

"शनिवार-बुधवार दोन्ही बॅच तूच घेतेस म्हणून सगळ्यांना सांगून टाकलो," अण्णा म्हणाले. "बुधवारच्या पोरी पण विचारत होत्या."

"मी कधी हो म्हटलं?"

"किल्ली दिलो तेव्हा गप होतीस. मी हो धरलो."

मी समोरचा टॉवेलचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नाही, अण्णा."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे क्लास बंद? अक्काने एवढा उभा केला, तो बंद?"

"बंद म्हटलं नाही मी. आता परत विचारा."

"काय गं हे!"

"विचारा की."

त्यांनी विचारलं. कंटाळून, पण विचारलं.

"शनिवार हो," मी म्हणाले. "बुधवार नाही. त्या दिवशी ऑफिसचं काम असतं."

अण्णा म्हणाले, "अक्कासारखीच आहेस. सरळ हो म्हणायची नाही कधी. पण एकदा म्हणाली, की मग मला परत विचारायला लागायचं नाही."

आधी नाही म्हणता आलं, तरच हो आपलं. मॅडमच्या मनात नेमकं हेच होतं का, मला माहीत नाही. आता विचारता येणार नाही. सुजाताला मी "मला असं वाटतं" म्हणूनच सांगणार आहे.

मॅडमच्या टेबलावरच्या मशीनवर ती लायब्ररी अजून आहे. काल काढायला बसले. आधी n दाबलं.

तीच कमांड पुन्हा चालवली नाही.

मॅडम, नमस्कार. शनिवार मी बघते.

आता काम.

बुधवारची बॅच अर्ध्यावर आहे. संध्याकाळचा एक तास. मॅडमकडे शिकलेलं कुणीतरी हवं. ते मिळालं नाही तर अण्णा ही बॅच बंद करून मुलींना दुसरीकडे जायला सांगतील, आणि त्यातल्या सुजातासारख्या गावाहून येणाऱ्यांची परत जायची एसटी दुसऱ्या कुठल्या वेळेला जुळत नाही.

इथे मॅडमच्या बऱ्याच विद्यार्थिनी आहेत. सगळ्यांना टॅग केलं आहे. येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत कमेंटमध्ये हो किंवा नाही लिहा.

'नाही' असं लिहिलंत तरी चालेल. गप राहिलात, तर मी ते हो धरणार नाही.