दुसरे माप

परळच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, गोदीच्या यार्डातून निघालेल्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीवरचा बॉयलर यार्डाच्या लोखंडी कमानीला आदळला. बॉयलरला टेकून उभ्या असलेल्या, माल चढवणाऱ्या खलाशाचा उजवा हात गेला. मापाच्या कागदावर सही आमच्या मापाऱ्यांची होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची ती वर्षे. आमचे ऑफिस गिरण्यांची यंत्रे गोदीतून सोडवून मालगाडीने बाहेरगावी पाठवी. मी तिथे कारकून होतो. कोणता माल कोणत्या वाघिणीत जाणार, हे मापारी ठरवत; आम्ही त्यांना दादा म्हणत असू.

मालगाडी भरताना तुम्ही पाहिली असेल, तर बंद वाघिणीचे दार बाजूला असते हे तुम्हाला ठाऊक आहे. लांब शाफ्ट त्या दारातून आत वळत नाही. मग छप्पर नसलेली वाघीण मागवायची, क्रेनने माल वरून सोडायचा आणि ताडपत्री बांधायची. एका व्यापाऱ्याला हे पटेना.

"अहो, पावसात भिजेल माझा माल!"

"भिजला तर पुसता येईल, शेट," मापारी म्हणाले. "दारात अडकला तर काय, दार कापणार?"

ते माप दोनदा घेत. एकदा माल जमिनीवर असताना, एकदा वाघिणीवर चढल्यावर, कमानीखालून जाईल का ते पाहायला. दुसऱ्या वेळी चपला खाली जोडीने काढून ठेवत आणि अनवाणी वर चढत. "खालचं माप वाघीण मागवायला, वरचं माप गाडी सोडायला," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून रोज ऐकले.

ते नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. बायको, दोन मुली, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. एकही सभा चुकवत नसत. सभेच्या दुसऱ्या दिवशी घोषणांनी त्यांचा घसा बसलेला असे; मग फूट आणि इंच बोटांनी दाखवत. खलाशी हसत. तेही हसत.

परळच्या सभेच्या दिवशी क्रेन दुसरीकडे अडकली होती. चार वाजले तरी बॉयलर जमिनीवरच. चाळीचा फलक धरायची पाळी मापाऱ्यांची होती. त्यांनी दुसऱ्या मापाच्या कोऱ्या कागदावर सही केली आणि मापाची फीत माझ्या हातात दिली.

"बॉयलर चढल्यावर वर जाऊन माप घे आणि आकडा भर. करशील ना रे?"

"जा हो दादा तुम्ही."

"मुंबई मिळायची वेळ आली आणि मी इथे बॉयलर राखत बसू काय?" असे म्हणत ते फाटकाबाहेर पडले.

बॉयलर साडेपाचला चढला. मला ठाकूरद्वारला घरी जायचे होते. मी वर चढलो नाही. खालच्या मापात वाघिणीच्या तळाची उंची मिळवली आणि टेबलावर बसून आकडा भरला. बॉयलरखाली खलाशांनी नऊ इंची लाकडी ठोकळे घातले होते. ते माझ्या बेरजेत नव्हते.

अपघातानंतर हेडक्लार्कने सगळ्यांसमोर विचारले, "माप कोणी घेतलं?"

"सही माझी आहे, साहेब."

"मी सही विचारत नाही. माप विचारतोय."

"सही माझी, म्हणजे माप माझं."

त्यांचा आवाज बसलेला होता. मी शेजारच्या टेबलाशी उभा होतो.

संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवले. "वर चढला होतास?"

"नाही."

त्यांनी कठडा धरला. "चढायला हवं होतंस रे. त्या माणसाचा उजवा हात होता." एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढले. मापाचे काम माझ्याकडे आले.

हेडक्लार्कला मी खरे सांगितले, तेव्हा तीन आठवडे उलटले होते. ते म्हणाले, "कागद वर गेले. आता बस जागेवर."

त्या रविवारी मी नायगावला गेलो. खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. शेजारच्या बाईंनी सांगितले, "ती माणसं महाडला गेली, गावी. दोन्ही मुलींची नावं शाळेतून काढली."